आवाज छान येतोय

“कावळा बंद करा!”

डॉक्टर हिंगणीकर ओरडत होते. कानांवर हेडफोन, एका हातात रेकॉर्डर, दुसऱ्या हातात काठीवर बसवलेला मायक्रोफोन, आणि त्या मायक्रोफोनला वाऱ्याचा त्रास होऊ नये म्हणून घातलेली करड्या केसांची टोपी. पांडुरंगरावांच्या घरी येऊन त्यांना पाऊण तास झाला होता. तेवढ्यात त्यांनी पंखा बंद करवला, कुकर उतरवला, फ्रीज गुरगुरतो म्हणून त्याची वायर उपटली, भिंतीवरचं घड्याळ काढून शेजारच्या घरी बसायला पाठवलं. सून मोरीत भांडी घासत होती. तिला माहेरी धाडायचं तेवढं बाकी ठेवलं. एवढं करून घरात शांतता पसरली आणि अंगणातल्या माडावरच्या कावळ्यानं तोंड उघडलं.

आता आमच्या तंजावरात जेवायला बसण्याआधी कावळ्याला भात ठेवतात. वाडवडील त्या रूपानं येऊन जेवून जातात अशी आमची समजूत आहे. म्हणजे वाडवडिलांची हकिकत गोळा करायला आलेला हा गृहस्थ वाडवडिलांनाच गप्प बसवायला सांगत होता. पांडुरंगराव ऐंशीला टेकलेले, निवृत्त हेडमास्तर, स्वभावानं गाय. ते लुंगीवजा वेष्टी सावरत अंगणात गेले आणि माडाकडे बघून हात जोडून काहीतरी पुटपुटले. कावळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या डॉक्टरांकडे पाहिलं, मग मायक्रोफोनवरच्या केसाळ टोपीकडे पाहिलं. त्याला तो उंदीर वाटला. त्यानं एका झेपेत टोपी उचलली आणि राजवाड्याच्या बुरुजावरून थेट कावेरीच्या दिशेनं गेला. कुणी म्हणतात तो कुंभकोणमला दिसला. मी खोटं कशाला सांगू, मी स्वतः फक्त बुरुजापर्यंत पाहिला.

मग डॉक्टर आत येऊन बसले, घाम पुसला आणि त्यांचं ते ठरलेलं वाक्य म्हणाले, “साक्षीदार बोलतो, इतिहासकार ऐकतो. हे मौखिक इतिहासाचं सार आहे, पांडुरंगराव.” आणि त्यानंतर पंचावन्न मिनिटं ते एकटे बोलले. ते रेकॉर्डिंग मी नंतर कागदावर उतरवलं. त्यात पांडुरंगरावांच्या वाट्याला “हो”, “असेल”, “बरं” आणि “काफी आणायला सांगू का?” एवढंच आलं होतं. शेवटच्या वाक्यापुढं डॉक्टरांनी लाल शाईनं लिहिलं, ‘अप्रस्तुत’.

हे डॉक्टर म्हणजे औषधं देणारे नव्हेत, प्रबंधाचे. महाराष्ट्रातून आले होते. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इथं येऊन स्थायिक झालेल्या आम्हा मराठी घरांच्या तोंडून आमचा इतिहास ध्वनिमुद्रित करायचा, असा त्यांचा प्रकल्प होता. आमच्या गल्ल्यांत मराठी अजून बोलली जाते, पण देवनागरी वाचणारा शोधावा लागतो. मी सोलापुरात बँकेची नोकरी संपवून नुकताच घरी परतलो होतो, मला वाचता येत होतं, म्हणून डॉक्टरांनी मला वायर धरायला घेतलं. हुद्दा ‘क्षेत्र-सहायक’. क्षेत्र म्हणजे आमचीच गल्ली.

आमच्या मंडळानं त्यांचं स्वागत केलं त्या दिवशी ते ‘ऐकण्याची कला’ या विषयावर बोलले. अडीच तास. समोरचे दोघे झोपले, तिसरा उठून गेला, मुलीकडे जेवून परत आला, तेव्हा डॉक्टर ‘मौनाचे महत्त्व’ या उपमुद्द्यावर पोचले होते. मौन हाही पुरावा असतो, असं ते म्हणाले. साक्षीदार थांबला तर त्याला थांबू द्यावं, त्या थांबण्यात पिढ्यांचं दुःख असतं, वगैरे. ऐकून मला खरंच बरं वाटलं होतं. पुढं दोन महिने मी त्या मौनाची वाट पाहिली. समोरचा माणूस श्वास घ्यायला थांबला की डॉक्टर त्या फटीत पाय घालून आत शिरत. “म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की,” अशी त्यांची सुरुवात व्हायची, आणि मग त्या बिचाऱ्याला जे जन्मात म्हणायचं नव्हतं ते सगळं त्याच्या नावावर जमा व्हायचं. एकानं नुसतं “आमचे आजोबा” एवढे दोन शब्द काढले. डॉक्टरांनी तेवढ्यावर त्याला खापरपणजोबा, एक लढाई आणि गनिमाच्या भाल्याची जखम मिळवून दिली. आजोबांची सायकल दुरुस्तीची टपरी होती. ते सांगायचं राहूनच गेलं.

त्यांचं संमतिपत्र अकरा पानी होतं, शुद्ध मराठीत. मौखिक इतिहासात साक्षीदाराची लेखी संमती फार मोठी गोष्ट, तिच्याशिवाय सगळं अनैतिक, असं डॉक्टर छातीवर हात ठेवून सांगत. आमच्या लोकांना ते वाचता येत नव्हतं, म्हणून ते अदबीनं दोन्ही हातांनी घेत, उलटं धरून बघत आणि तमिळमध्ये सही करून परत देत. एका मामींनी ते देवाजवळ ठेवलं आणि लग्न कधी आहे म्हणून विचारलं. डॉक्टर खूश. ‘समाजात विश्वासाचे वातावरण’ अशी नोंद त्या दिवशी झाली.

आता घोड्याचं सांगतो.

आमच्याकडे एक रीत आहे. घरी आलेल्या माणसाला, त्यातून महाराष्ट्रातून आलेल्याला, ‘नाही’ म्हणत नाहीत. तो आपल्या मुळाकडून आलेला असतो. त्याच्यापुढं मान हलवायची असते. या गावची मान डोलवणारी बाहुली जगभर विकली जाते, डॉक्टरांना वाटलं ती फक्त कागदाच्या लगद्याची असते. तर पहिल्याच घरी त्यांनी विचारलं, “तुमचे मूळ पुरुष राजांबरोबर पांढऱ्या घोड्यावरून आले असं ऐकिवात असेल ना?” त्या घरचे रघुनाथराव, विमा कंपनीतले, आयुष्यात घोडा पाहिला तो मरीना बीचवर. ते म्हणाले, “असेल.” डॉक्टरांनी बोट ओठांवर ठेवून माझ्याकडे पाहिलं, जणू समाधी सापडली. 

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की पुण्याकडच्या डॉक्टरांना पांढरा घोडा हवा आहे. आलेल्याला हवं ते देणं हाही आमच्याकडे पाहुणचारच. तिसऱ्या घरी घोडा न विचारता आला. चौथ्या घरी तो थोडा लंगडत होता. पाचव्या घरी त्याला कावेरी पोहून पार करावी लागली, आणि नदी दुथडी भरलेली. सहाव्या घरी घोड्याला नाव होतं आणि सातव्या घरी परसातली खुंटी दाखवण्यात आली, तिच्यावर त्या वेळी सुनेचा परकर वाळत होता. मंडळाचे अध्यक्ष भीमराव यांचं मोठं कल्याण मंडपम आहे, लग्नकार्याचा हॉल. डॉक्टर त्यांच्याच माडीवर उतरले होते. यजमानांनी मागं राहून कसं चालेल? भीमरावांच्या साक्षीत राजांनी त्याच घोड्यावर लादून त्यांच्या पूर्वजांना काशाची एक मोठी उरुळी भेट पाठवली. उरुळी म्हणजे रुंद तोंडाचं जड पातेलं. ती मंडपमच्या दारात पाणी आणि फुलं घालून ठेवलेली असते, येणारी नवरानवरी तिच्याजवळ उभी राहून फोटो काढतात.

डॉक्टरांनी प्रबंधिकेत लिहिलं, ‘परस्परांशी संबंध नसलेल्या आठ साक्षीदारांनी स्वतंत्रपणे पुष्टी दिली.’ परस्परांशी संबंध नसलेले. रघुनाथराव आणि पांडुरंगराव सख्खे साडू, आणि गल्लीतल्या सातही घरांची मागची भिंत एक. मी तसं हळूच सुचवून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही वायर नीट धरा.” पुढं त्यांचं पुस्तक आलं, उशीसारखं जाड. मुखपृष्ठावर घोडा आहे. त्याचा पाय थोडा आखूड काढलाय.

इथवर सगळी गंमत होती. कुणाचं काही जात नव्हतं. एका खोट्या घोड्यानं आमच्या गल्लीला दोन महिने करमणूक दिली, याबद्दल मी डॉक्टरांचा ऋणीच आहे. पण मग तुळसा मामींनी मला बोलावलं.

मामी राजवाड्याच्या मागच्या गल्लीत एका शिंप्याच्या दुकानामागं दोन खोल्यांत एकट्या राहत. ब्याऐंशी वर्षांच्या. सरकारी शाळेत दुपारच्या जेवणाच्या आचारीण होत्या, सांबारभात करण्यात जन्म गेला. त्यांची एक सवय सगळ्या गावाला माहीत होती. रोज काम संपलं की शाळेची सगळी भांडी त्या बाहेरच्या पायरीवर पालथी मांडून ठेवत, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील अशी, हेडमास्तरांना हाक मारून दाखवत, आणि मगच रिकामे हात हलवत घरी जात. घरी जाताना त्यांनी कधी पिशवीसुद्धा घेतली नाही. लोक हसत. वय झालेल्यांना कारण ठाऊक होतं, म्हणून ते जास्त हसत.

कारण त्यांचे वडील. रामोजी आचारी. कालव्याकडच्या एका छत्रात, म्हणजे वाटसरूंना जेवू घालणाऱ्या धर्मशाळेत, ते स्वयंपाक करायचे. छत्राचं नाव लिहीत नाही, आता तिथं चार भिंतीसुद्धा नाहीत. त्या छत्रातलं मोठं भांडं एक दिवस नाहीसं झालं, रामोजींवर आळ आला, आणि त्यांना काढून टाकलं. एवढीच गोष्ट. पण आमच्या समाजात माणसं मोजकी आणि स्मरणशक्ती दांडगी. मामींच्या थोरल्या बहिणीचं जमलेलं लग्न त्यावरून मोडलं. कार्यात एखादा चमचा सापडला नाही तरी कुणीतरी डोळा घालून “रामोजी आला होता काय?” म्हणायचा. मामी तिथंच पंगतीत बसलेल्या असायच्या.

“त्या डॉक्टरांस माझ्याकडे घेऊन ये,” मामी मला म्हणाल्या. “त्यांच्या यंत्रात घातलेलं अस्कं राहतं म्हणे.” अस्कं म्हणजे सगळं, आमच्या बोलीत. त्यांच्या छातीचं दुखणं बळावलं होतं. इस्पितळात सांगितलं होतं की आता फार दिवस नाहीत. त्यांना फक्त एक गोष्ट त्या यंत्रात घालून ठेवायची होती, आपल्या तोंडानं, एकदा. नाहीतर ती त्यांच्याबरोबर जाईल आणि मागं तेवढा चोर राहील.

मी डॉक्टरांना नेलं. मामींनी आधी रेकॉर्डरकडे नीट पाहिलं, गाय विकत घ्यायची असावी तसं. “यात बोललेलं पुसता येतं काय?”

“छे, छे. शंभर वर्षं राहील, आजी.”

“आजी कुणाची? मामी म्हणा.”

त्या दिवशी मामींनी तीनदा वडिलांचं नाव काढलं. पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले, “म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की तुमचे वडील राजांच्या मुदपाकखान्यातले?” मामी म्हणाल्या, नाही, ते छत्रात भात शिजवीत. दोन महिन्यांत डॉक्टरांना कुणी ‘नाही’ म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी वडिलांच्या वडिलांकडे मोर्चा वळवला. तिसऱ्यांदा त्यांनी सरळ बटण दाबून यंत्र थांबवलं आणि, लहान मुलाच्या हातातून काचेचं भांडं काढून घ्यावं तसं गोड बोलत, समजावलं, “मामी, आपला काळ राज्य खालसा झालं तिथं संपतो. तुमच्या वडिलांचं हे फार अलीकडचं आहे. त्याला आम्ही विषयांतर म्हणतो.”

मामींनी त्यांच्याकडे पाहिलं. शाळेत एवढी वर्षं वाढपाला उभी राहिलेली बाई. रांगेत कोण दोनदा उभा राहिलाय ते त्यांना नुसत्या बघण्यानं कळायचं. त्यांनी डॉक्टरांना काफी दिली, वाटेला लावलं आणि मला थांबवून घेतलं.

“हा मनुष्य कधी तोंड मिटतो काय?” त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. दिवसातून एकदा मिटतात. मुलाखत सुरू होण्याआधी आवाजाची पातळी बघायची असते. तेव्हा ते समोरच्याला काहीही बोलायला लावतात आणि डोळे मिटून, यंत्रातला काटा आणि कानातली खरखर यांच्यात बुडून जातात. ती दोन मिनिटं त्यांच्या तोंडून अवाक्षर निघत नाही. तो तुकडा मुलाखतीत धरत नाहीत, रोज संध्याकाळी पुसून टाकायचं काम माझं.

“दोन मिनिटं,” मामी म्हणाल्या. “पुष्कळ झाली.”

चार दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला की आपल्याला घोडा आठवला आहे. डॉक्टर इतक्या घाईनं निघाले की माझ्या मोपेडवर मागं बसताना त्यांनी चप्पल एकच घातली होती. नववा घोडा. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या, धुतलेलं नऊवारी नेसून, केस विंचरून. पंखा त्यांनी स्वतःच बंद करून ठेवला होता. खिडकीही लावली होती. शिंप्याला सांगून मशीन थांबवली होती. इतकी तयार साक्षीदार डॉक्टरांनी जन्मात पाहिली नव्हती.

“हं, आधी आवाज बघू,” डॉक्टर म्हणाले. “काहीही बोला, मामी. सकाळी काय खाल्लं ते सांगा. काय बोलता त्याला काही महत्त्व नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मामींनी पदर सारखा केला आणि बाजाराची यादी वाचावी तशा एका पट्टीत बोलू लागल्या.

“माझं नाव तुळसाबाई. माझे वडील रामोजी. छत्रात आचारी होते. तिथं काशाची उरुळी होती, तीस माणसांचा भात व्हायचा. तिच्या काठाचे तीन टवके गेलेत. ते मी घालवले, लहानपणी पायरीवरून लोटून. ती उरुळी चोरली म्हणून वडिलांस काढून टाकलं. ती वडिलांनी नेली नाही. कारभारी शिवरामराव होते, त्यांनी आपल्या गाडीत गवताखाली घालून नेली. मी गोठ्यामागून पाहिलं. नऊ वर्षांची होते. वडिलांस सांगितलं तर ते बोलले, त्यांचा भात आपण खाल्लाय, गप्प राहा. ते मरेस्तोवर गप्प राहिले. मी आजवर राहिले. शिवरामराव म्हणजे ह्या भीमरावाचे आजोबा. माझे वडील चोर नव्हते. सकाळी दोन इडल्या खाल्ल्या.”

“वा,” डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले. “आवाज छान येतोय. आता घोडा.”

“घोडा विसरले,” मामी म्हणाल्या.

मी वायर धरून उभा होतो. डॉक्टर वैतागले, विस्मरण हाही पुरावा असतो वगैरे म्हणाले आणि निघाले. संध्याकाळी मी तो तुकडा पुसणार नव्हतोच, पण त्यांनीच मला थांबवलं. तो त्यांना फार आवडला होता. इतका स्वच्छ आवाज सबंध प्रकल्पात मिळाला नव्हता. पंखा नाही, पाखरू नाही. त्यांनी तो हेडफोनवर, देवाची शपथ, दहा वेळा ऐकला, मान डोलवत, आणि वहीत नोंद केली: ‘अनुनासिक स्वर स्पष्ट. पार्श्वध्वनी शून्य. आदर्श नमुना.’ दहाव्या वेळीसुद्धा त्यांना त्यात इडलीपलीकडे काही ऐकू आलं असेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. माणसाचे कान उघडे असून त्यात आवाज जातो आणि अर्थ बाहेर चपला काढून बसून राहतो, हे मी तेव्हा बघितलं. याच माणसानं आम्हाला अडीच तास ऐकायला शिकवलं होतं.

प्रकल्प संपला त्याचा समारंभ भीमरावांच्या कल्याण मंडपममध्ये झाला. सकाळची वेळ, शंभरेक माणसं, व्यासपीठावर समई, दारात ती उरुळी, आज झेंडूची माळ गळ्यात घालून. भीमराव पुढच्या ओळीत रेशमी अंगवस्त्र घेऊन, शेजारी त्यांची बायको जानकी अक्का. तुळसा मामी मागं खांबाला टेकून बसल्या होत्या, पिशवीशिवाय. 

डॉक्टर भाषणाआधी माझ्या कानाशी लागले. लोकांना तंत्राची शुद्धता कळावी म्हणून एखादा नमुना ऐकवायचाय, कोणता लावावा? आता मी क्षेत्र-सहायक. माझं मत कुणी दोन महिन्यांत विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “मामींचा लावा, सर. आवाज छान आलाय त्यात.”

“अगदी माझ्या मनातलं बोललात,” डॉक्टर म्हणाले.

मंडपमचे कर्णे म्हणजे नागस्वरम आणि तवील, आमची लग्नातली सनई आणि ढोल, झेलायला घडवलेले. मामींचा आवाज त्यातून आला तो छपराला लागून खाली उतरला. डॉक्टर माईकजवळ उभे राहून डोळे मिटून, एक हात हवेत धरून, गायकाला दाद द्यावी तशी बोटं हलवत होते. “माझे वडील रामोजी”ला मागच्या ओळीतली कुजबुज थांबली. “तीन टवके”ला पांडुरंगरावांनी ऐकू येण्याचं यंत्र कानात खोल खुपसलं. “भीमरावाचे आजोबा” ऐकलं तेव्हा शंभर माना पुढच्या ओळीकडे वळल्या आणि तिथून सावकाश दाराकडे गेल्या. डॉक्टरांची बोटं अजून हलतच होती. इडल्या आल्या, खरखर संपली, त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, “ऐकलंत? किती छान येतोय आवाज.”

जानकी अक्का उठल्या. जाडजूड बाई, मंडपमचा सगळा कारभार त्यांच्या हातात, रोज ती उरुळी घासून घेणाऱ्या त्याच. त्या दाराशी गेल्या, झेंडूची माळ उचलून बाजूला ठेवली, भिंतीकडच्या बाजूनं काठावरून बोट फिरवत नेलं, थांबल्या, पुढं नेलं, थांबल्या. मग पदराला हात पुसून, नवऱ्याकडे न बघता, तमिळमध्ये एकच शब्द म्हणाल्या, “मूणु.” तीन.

भीमराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. आमच्या घरी तर राजांनी दिली असं सांगत आले, असं ते कुणाला तरी सांगू लागले, पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. सगळे उरुळीभोवती गोळा झाले होते. त्या गर्दीत एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं म्हटलं, रामोजीनं नेली नव्हती तर. मग दुसऱ्यानं म्हटलं. मामी खांबाशी होत्या तिथंच बसून ते ऐकत होत्या. दोन बायका त्यांच्याजवळ गेल्या, एकीनं त्यांचा हात हातात घेतला. थोड्या वेळानं मामी उठल्या आणि जेवायला न थांबता घरी गेल्या.

डॉक्टरांना सगळा प्रकार जेवणाच्या पानावर कळला, तोही मी सांगितला तेव्हा. पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले. मग त्यांनी नमुना पुन्हा पुन्हा लावून ऐकला, आणि या वेळी मान डोलली नाही. रसम गार झालं. “अहो, ही तर साक्ष आहे,” ते म्हणाले. “ही तर खरी साक्ष आहे. पण हिला प्रश्न नाही, तारीख नाही, संमतिपत्र नाही. आवाजाच्या चाचणीत आलेली साक्ष मी छापणार कशी?”

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी होती. सकाळीच त्यांनी मला मामींकडे न्यायला लावलं. मामी जमिनीवर बसून शेवग्याची पानं निवडत होत्या. डॉक्टरांनी पंखा स्वतःच्या हातानं बंद केला. खुर्ची नको म्हणाले, मामींसमोर जमिनीवर मांडी घातली, ती नीट जमली नाही तरी घातली. यंत्र मध्ये ठेवलं, हेडफोन लावले. म्हणाले, मामी, माझं चुकलं. आता पहिल्यापासून सगळं सांगा. छत्र कुठं होतं, गाडी कुणाची, गवत कसलं. आमचा काळ आता खालसा झाल्यावर संपत नाही. मी एक शब्द बोलणार नाही.

आणि खरंच बोलले नाहीत. मी घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. यंत्रातला लाल दिवा जळत होता. दुसऱ्या बाजूला शिंप्याची मशीन धडधडत होती, रस्त्यावर बस हॉर्न वाजवत गेली, डॉक्टरांनी कशालाच बंद करा म्हटलं नाही. गुडघे दुखत असणार, तोंडावर घाम होता, आणि ते मामींच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना एवढा वेळ गप्प बसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर ते मला कधी भेटलेच नाहीत.

मामींनी शेवटची काडी निवडली, पानं सुपात झटकली आणि उठता उठता म्हणाल्या, “सांगून झालं.”